फॅमिली मॅटर्सची प्रॅक्टिस सुरू करताना: पिटीशनमध्ये काय लिहायचं आणि काय नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं, की एलएलबी झालंय, सनद मिळून आठ महिने झालेत, सध्या जिल्हा कोर्टात एका सिव्हिल साइडच्या सिनियरकडे जाताय, पण मन फॅमिली मॅटर्सकडे, म्हणजे घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा अशा केसेसकडे ओढतंय. मग सिनियर सोडून फॅमिलीवाल्या वकिलाकडे जावं की थेट स्वतःच्या केसेस घ्याव्यात, यात पोट भरतं का, रोजच्या रडण्या-भांडण्याचा आपल्यावर परिणाम होतो का, आणि शेवटी तुम्ही जरा संकोचून विचारलंय की अजून लग्न झालेलं नाही, वय सव्वीस, तर कुणी आपला संसार अशा मुलासमोर उघडा करेल का. मी वीस वर्षं हेच काम करतेय, त्यातली पहिली चार सिव्हिल सिनियरकडे काढली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वरवर बघता हा करिअरचा प्रश्न आहे, पण मला वाटतं तुम्हाला खरं विचारायचंय ते हे की या कामात कौशल्य नक्की कशात असतं. सिव्हिलमध्ये दस्त वाचता यायला हवा, क्रिमिनलमध्ये उलटतपास घेता यायला हवा, हे सगळ्यांना माहीत असतं. फॅमिलीबद्दल मात्र समज असा की माणूस समजूतदार आणि बोलायला गोड असला की झालं. तसं अजिबात नाहीये. माझ्या अनुभवात यातलं निम्मं काम पिटीशनमध्ये काय लिहायचं आणि काय लिहायचं नाही हे ठरवण्याचं असतं, आणि ते ठरवता यायला आधी नीट ऐकता यावं लागतं. कलमं, निकाल, कोर्टापुढे उभं राहणं हे दोन-तीन वर्षांत अंगवळणी पडतं, हे मात्र मुद्दाम शिकावं लागतं.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या तुम्हीच बघायच्या. तुमच्या जिल्ह्यात फॅमिली कोर्ट आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर हिंदू विवाह कायद्याच्या पिटीशन्स सिव्हिल जज सिनियर डिव्हिजनकडे आणि पोटगीचे नि डीव्हीचे (घरगुती हिंसाचार कायद्याचे) अर्ज जेएमएफसीकडे (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे) चालतात, म्हणजे तुम्ही आत्ता ज्या कॉरिडॉरमध्ये फिरताय तिथेच सगळं आहे, सिनियर बदलायची गरजच नाही. दुसरं म्हणजे घरून तीनेक वर्षं आधार आहे का. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये तरी स्टायपेंड द्यावा असं सुचवलंय, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि प्रत्यक्षात किती ऑफिसेस तेवढं देतात हे तुम्ही आठ महिन्यांत बघितलंच असेल. घरी कर्ज असेल, लहान भावंडं शिकत असतील, तर फक्त फॅमिलीचा हट्ट पहिल्या दिवसापासून धरू नका, सिनियरचं काम करत करत याकडे या. आणि एआयबीई (वकिलांची बार परीक्षा) अजून द्यायची राहिली असेल तर आधी ती उरका, सनदेनंतर दोन वर्षांची मुदत असते आणि ती कशी निघून जाते कळत नाही.

सिव्हिल सिनियर सोडू नका हे माझं स्पष्ट मत आहे, निदान अजून दोन वर्षं तरी. फॅमिली कोर्टात सीपीसीच (दिवाणी प्रक्रिया संहिता) लागते, समन्सची बजावणी, एकतर्फा, दुरुस्तीचा अर्ज, शपथेवर सरतपास, उलटतपास, दरखास्त, हे सगळं तेच. मी असे फॅमिली वकील बघितलेत ज्यांना अशिलाचं दुःख बरोबर कळतं पण सामनेवाल्याने समन्स घ्यायचं टाळलं तर पुढे काय करायचं ते कळत नाही, आणि ती बाई वर्षभर तारखा घेत बसते. सिनियरना सांगून आठवड्यातला एक दिवस फॅमिली कोर्टात बसा. फॅमिली कोर्टाचं कामकाज पक्षकाराने मागितलं की बंद खोलीत चालवावं लागतं, त्यामुळे एखादवेळी बाहेर जायला सांगतील, तर निमूट बाहेर यायचं. उरलेल्या वेळात शिरस्तेदारांशी ओळख करा, निकाली फाइल्सच्या नकलांत कन्सेंट टर्म्स (समेटाच्या लेखी अटी) कशा लिहितात ते सिनियरांच्या परवानगीने वाचा.

फॅमिली कोर्टात वकिलाला उभंच राहता येत नाही असं तुम्ही ऐकलंय, त्याबद्दल. फॅमिली कोर्ट्स ॲक्ट १९८४ च्या कलम १३ प्रमाणे पक्षकाराला वकील लावण्याचा हक्क नाही, कोर्टाला गरज वाटली तर कोर्ट वकिलाची मदत न्यायमित्र म्हणून घेऊ शकतं, हे खरं आहे. व्यवहारात आपण वकीलपत्रासोबत परवानगीचा अर्ज देतो आणि तो बहुतेक वेळा मंजूर होतो, त्यामुळे करिअरला त्याने काही अडत नाही. पण ते कलम मी दर नव्या ज्युनियरला मोठ्याने वाचायला लावते. त्यामागची भीती अशी की वकील मध्ये आले की समेट लांबतो आणि भांडण वाढतं. ती भीती खोटी नव्हती. मी स्वतः एकदा एक भांडण तीन वर्षांनी वाढवलंय, ते सांगते.

माझ्या प्रॅक्टिसचं पाचवं-सहावं वर्ष असेल. मी नवऱ्याकडून होते, बायकोने अंतरिम पोटगी मागितली होती, एक पाच वर्षांची मुलगी. अशील रोज ऑफिसात येऊन एकच सांगायचा, तिचे ऑफिसातल्या एकाशी संबंध आहेत, हे लिहाच. पुरावा काय, तर फोनची दोन बिलं आणि त्यात एक नंबर वारंवार. मला मनातून पटत नव्हतं, पण अशील नाराज होईल, दुसऱ्याकडे जाईल, या भीतीने मी कैफियतीत, म्हणजे आमच्या लेखी उत्तरात, परिच्छेद १४ लिहिला. चांगला सजवून लिहिला. पुढे आठ महिने कोर्टाच्या समुपदेशकांनी दोघांना बसवून बसवून म्युच्युअलपर्यंत, म्हणजे परस्पर संमतीच्या घटस्फोटापर्यंत आणलं, पोटगीचा आकडा ठरला, मुलगी रविवारी बापाकडे हे ठरलं, कन्सेंट टर्म्सवर सह्यांचा दिवस आला. ती आली ती माझ्या कैफियतीची नक्कल घेऊन, परिच्छेद १४ खाली लाल पेनाने रेघ. म्हणाली, आधी हे खोटं होतं असं लिहून द्या, मग सही करते, माझी मुलगी मोठी होऊन हा कागद वाचेल. तो शपथेवर केलेलं विधान खोटं होतं असं लिहून द्यायला तयार होईना, आणि सह्या झाल्याच नाहीत. केस आणखी तीन वर्षं चालली, मुलगी आठ वर्षांची झाली. वर कायद्याच्या बाजूनेही मी अशिलाचं नुकसानच केलं होतं, कारण कैफियतीत बायकोच्या चारित्र्यावर बिनबुडाचे आरोप करणं हीच क्रूरता ठरू शकते असं सुप्रीम कोर्टाने २००३ मध्येच सांगितलेलं आहे, म्हणजे घटस्फोटाचं कारण मीच माझ्या हाताने तिला दिलं.

तेव्हापासून मी मसुदा झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाला तीन प्रश्न विचारते. हे मला सिद्ध करता येईल का, याने अशिलाला मिळणाऱ्या मागणीत काही फरक पडतो का, आणि उद्या समेट व्हायची वेळ आली तर हा परिच्छेद आडवा येईल का. पहिल्या दोनची उत्तरं नाही अशी आली तर तो परिच्छेद जातो, अशील कितीही रागावला तरी.

पण इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कमी लिहा म्हणजे सौम्य लिहा असं मी म्हणत नाहीये. मारहाण असेल, जिवाला धोका असेल तर एकूण एक प्रसंग लिहायचा, तारीख, वेळ, जागा, कुणी बघितलं, दवाखान्याचा कागद, शेजारणीला केलेला मेसेज, सगळं. तिथे वकिलाने मोघम लिहिलं तर तो त्या बाईवर अन्यायच आहे. ज्युनियर नेमकं उलटं करतात, दहा पानं सासूने टोमणे मारले म्हणून आणि खऱ्या मारहाणीवर एक ओळ, "वेळोवेळी मारहाण व शिवीगाळ केली". वेळोवेळी म्हणजे कधी? उलटतपासात समोरचा वकील हाच शब्द धरतो आणि आपल्या अशिलाला तारीख सांगता येत नाही.

म्हणून पहिल्या भेटीत मी कायद्याचं काहीच बोलत नाही. एक फुलस्केप घेते, मध्ये उभी रेघ, डावीकडे तारीख, उजवीकडे काय झालं. लग्नाची तारीख, कुठे राहिले, कधी वेगळे झाले, मूल कधी, नोकरी कधी सुटली. लोकांना तारखा आठवत नाहीत, पण सण आठवतात, मुलाचा पहिला वाढदिवस आठवतो, तिथून मागे-पुढे मोजत जायचं. बोलताना माणूस सारखा एका प्रसंगाशी परत येतो, तो प्रसंग पुराव्याच्या दृष्टीने बहुतेक वेळा किरकोळ असतो, पण तिथेच त्याचं दुखणं असतं, तो ऐकून घ्यायचा, मध्येच तोडायचा नाही. दीड-दोन तास जातात. ते फुकट गेले असं सुरुवातीला मलाही वाटायचं, आता त्या एका कागदावर मी अख्खं पिटीशन उभं करते.

त्याच भेटीत लग्नाचं सर्टिफिकेट हातात घेऊन वरची ओळ वाचा, ते कोणत्या कायद्याखाली दिलंय. लोक सर्रास "कोर्ट मॅरेज केलं" म्हणतात आणि प्रत्यक्षात लग्न मंदिरात झालेलं असतं आणि नोंदणी महाराष्ट्राच्या १९९८ च्या नोंदणी कायद्याखाली, म्हणजे पिटीशन हिंदू विवाह कायदा १९५५ खाली. खरंच स्पेशल मॅरेज ॲक्ट १९५४ चं लग्न असेल तर कलमं वेगळी, म्युच्युअलसुद्धा १३ब नाही, कलम २८. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी अशिलांचे कायदे वेगळे, ते लागतील तसे वाचा, पण बेअर ॲक्ट (कायद्याचा मूळ मजकूर) उघडल्याशिवाय उत्तर देऊ नका. पोटगीचं सीआरपीसीचं जुनं कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं) कलम १४४ झालंय आणि सासरच्या छळाच्या आयपीसी ४९८अ च्या जागी बीएनएस (भारतीय न्याय संहिता) ८५-८६ आलंय, बार रूममध्ये सगळे अजून जुनेच नंबर बोलतात, मीही बोलते, पण अर्जात नवे घालायचे.

दुसरी गोष्ट जी कुणी शिकवत नाही ती म्हणजे पैसे वाचता येणं. ४ नोव्हेंबर २०२० चा रजनेश विरुद्ध नेहा हा सुप्रीम कोर्टाचा निकाल तुम्ही पाठ करा इतपत म्हणेन, त्यानंतर पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंना उत्पन्न, खर्च, मालमत्ता, कर्जं याचं शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यावं लागतं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची हेही त्यातच ठरलं, आणि दुसऱ्या कोर्टात आधी मिळालेली पोटगी उघड करायची, ती वजा होते. हे शपथपत्र बरेच वकील क्लार्ककडे भरायला देतात. मी स्वतः बसते. एका केसमध्ये नवऱ्याने पगार दाखवला होता खरा, हप्ते मात्र इतके दाखवले की हातात काही उरतच नव्हतं. बँक स्टेटमेंट पेन्सिल घेऊन ओळ न ओळ वाचलं तर दर महिन्याच्या तीन तारखेला एक ठरावीक रक्कम आईच्या खात्यात, आणि बरोबर अर्ज दाखल व्हायच्या दोन महिने आधीपासून सुरू. त्याआधी कधीच नाही. एवढी एक गोष्ट मी कोर्टापुढे ठेवली, आवाज चढवायची गरजच पडली नाही. शेती किंवा धंदा असेल तर सातबारा, आठ अ, जीएसटी रिटर्न, गाडीची नोंदणी, विम्याचे हप्ते, मुलांच्या शाळेची फी कोण भरतं हे बघा. आणि तुमच्याच अशिलाने काही लपवलं तर? ती नोकरी करते आणि सांगते की लिहू नका. तिथे मी सरळ सांगते की मी हे शपथपत्र घालणार नाही, कारण उद्या तिचा पीएफ नंबर समोर आला की पोटगीही जाते, विश्वासार्हताही जाते आणि वर खोट्या शपथेचा अर्ज येतो.

ऑर्डर मिळाली म्हणजे पैसे मिळाले असंही समजू नका. १४४ ची पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो, त्यानंतर त्या रकमेचं वॉरंट निघत नाही. बायका "देईल आज-उद्या" म्हणून थांबतात आणि वकीलही तारीख लिहून ठेवत नाही. माझ्या डायरीत प्रत्येक ऑर्डरपुढे दहाव्या महिन्याची तारीख आधीच लिहिलेली असते. हिंदू विवाह कायद्याच्या २४ ची अंतरिम पोटगी मूळ पिटीशनसोबत संपते हेही अशिलाला पहिल्या दिवशी सांगायचं, मग कलम २५ ची कायमची पोटगी मागायची राहून जात नाही.

किती केसेस दाखल करायच्या हा मोह फार मोठा आहे. काही ऑफिसेसमध्ये बाई आली की डीव्ही, १४४, नांदायला येण्याचा दावा, पोलीस तक्रार, असा पूर्ण संच एकदम लावतात, अशिलालाही वाटतं वकील जोरदार आहे. मला हे चुकीचं वाटतं. मी विचारते, येत्या महिन्यात तुम्हाला काय लागणार आहे. डोक्यावर छप्पर लागणार असेल तर डीव्ही कायदा २००५ चं कलम १९, खर्चाला पैसे लागणार असतील तर त्याच अर्जात २० आणि अंतरिमसाठी २३, मुलाचा तात्पुरता ताबा हवा असेल तर २१. एका अर्जात एवढं मावतं. पाच कोर्टांत पाच तारखा म्हणजे तिच्या पाच रजा, आणि नोकरी करणारी बाई वर्षभरात नोकरी गमावते, हे मी बघितलंय. पोलीस तक्रार खरा छळ असेल तिथे जरूर, लगेच, पण समोरच्याला नमवायला म्हणून सासू-नणंद-चुलत दीर सगळ्यांची नावं घालून नाही. ज्याने काही केलंच नाही त्याचं नाव घातलं की ज्याने केलंय त्याच्याविरुद्धची केससुद्धा पातळ होते.

म्युच्युअलला लोक सोपं काम समजतात आणि ज्युनियरकडे सरकवतात, म्हणजे ते तुमच्याकडे लवकर येईल. वर्षभर वेगळं राहणं, मग पिटीशन, मग सहा महिने, आणि २०१७ च्या अमरदीप सिंग निकालापासून योग्य केसमध्ये तो सहा महिन्यांचा काळ माफ करता येतो, हे सगळं पुस्तकात आहे. खरं काम कन्सेंट टर्म्समध्ये आहे. संमतीच्या हुकूमनाम्यावर फॅमिली कोर्टातून अपील नाही, म्हणून प्रत्येक वाक्य असं लिहायचं की दोन वर्षांनी रागावलेल्या माणसालाही त्याचा दुसरा अर्थ काढता येऊ नये. "वडिलांना मुलाला भेटता येईल" हे वाक्य म्हणजे पुढच्या भांडणाची सोय. कोणत्या शनिवारी, किती वाजता, कुठून घ्यायचं, कुठे सोडायचं, मूल आजारी असेल तर बदली दिवस कोणता, परीक्षेत काय, उन्हाळ्याच्या सुट्टीतले कोणते दिवस, पासपोर्टवर सही कोण करणार, शाळेची फी कोण कोणत्या तारखेपर्यंत भरणार. "दागिने परत मिळाले" असंही नको, वस्तूवार यादी, वजनासकट, खाली दोघांच्या सह्या.

मुलांबद्दल एकच सांगते कारण त्यावर वेगळं लिहावं लागेल. हिंदू पालकत्व कायदा १९५६ प्रमाणे पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, आणि एकूण निकष मुलाचं हित, हे तुम्हाला माहीत आहेच. पण ॲक्सेसच्या (मुलाला भेटण्याच्या) दिवशी एकदा कोर्टातल्या मुलांच्या खोलीबाहेर बसा. मूल आईचा हात सोडून बापाकडे जाताना आधी आईच्या तोंडाकडे बघतं, आपण गेलो तर तिला वाईट वाटेल का हे तपासतं. ते बघितल्यावर मी अशिलाला पहिली सूचना हीच देते की मुलासमोर केसबद्दल, समोरच्याबद्दल, वकिलाबद्दलही बोलायचं नाही, आणि मुलाला जज्जसाहेबांपुढे काय सांगायचं हे शिकवायचं तर मुळीच नाही. शिकवलेलं मूल ओळखू येतं.

फी आणि काम कसं मिळतं यावर. कायमच्या पोटगीतून अमुक टक्के अशी फी ठरवता येत नाही, बार कौन्सिलचा नियम आहे, आणि तो नसता तरी मी ठरवली नसती, कारण मग समेटाचा सल्ला देताना तुमचं मन स्वच्छ राहत नाही. टप्प्यांत घ्या, दाखल करताना, अंतरिम अर्जावर, पुराव्याच्या वेळी, आणि दर वेळी पावती. जिला खरंच परवडत नाही तिला तुमच्या दयेवर ठेवू नका, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात सोबत घेऊन जा. पुढे तुमची थोडी वर्षं झाली की तिथल्या पॅनेलसाठी स्वतः अर्ज करा, मला सगळ्यात जास्त शिकायला तिथल्या केसेसनी दिलं. जाहिरात करता येत नाही, आणि अशिलांच्या गोष्टी नावं बदलून रील्समध्ये सांगणं तर करूच नका, छोट्या गावात नाव बदलून काही लपत नाही. काम येतं ते संपलेल्या केसमधून, आणि मला तर दोनदा समोरच्या पक्षकारानेच नंतर आपल्या बहिणीला पाठवलंय.

पैशाचं थोडक्यात सांगायचं तर पहिली तीन वर्षं कठीण, मग पाच-सात वर्षांत स्थिर, असा माझा आणि माझ्या बरोबरच्यांचा अनुभव. मोठ्या कंपन्यांच्या कामासारखा पैसा यात नाही. सिव्हिलचं काम बाजूला सुरू ठेवलंत तर जड जाणार नाही.

मनावरच्या परिणामाचं विचारलंत, तर होतो. पुढे लग्न झाल्यावर माझ्या लक्षात आलं की घरात नवरा फोन घेऊन गॅलरीत गेला की माझे कान टवकारले जातात, काही कारण नसताना. दिवसभर आपण फसवणुकीच्याच गोष्टी वाचतो, त्याने नजर बदलते. मी दोन गोष्टी केल्या, फाइल घरी आणणं बंद केलं, आणि एका मैत्रिणीशी, तीही वकील, महिन्यातून एकदा नावं न घेता बोलायला लागले, कोणत्या केसने झोप उडवली त्याबद्दल. अशिलांना फोनची वेळ संध्याकाळी सहा ते सात, पहिल्याच दिवशी सांगते. रात्री अकराला येणारा फोन बहुतेक वेळा एकटेपणाचा असतो आणि त्यावर वकिलाकडे उपाय नसतो, चांगल्या समुपदेशकाचं नाव द्यावं. धोक्याची वेळ असेल तर ११२ आणि १८१ हे दोन नंबर मी वकीलपत्राच्या सहीच्या वेळीच तिच्या फोनमध्ये सेव्ह करून घेते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, अविवाहित मुलावर विश्वास कोण ठेवणार. मलाही पहिली दोन वर्षं जवळपास प्रत्येकाने विचारलं, मॅडम तुमचं लग्न झालंय का. मी खरं उत्तर द्यायचे, नाही, आणि पुढचा प्रश्न विचारायचे, तुम्ही वेगळे कधीपासून राहताय. दहा मिनिटांनी तो विषय निघालेला आठवायचाही नाही. तुम्ही पुरुष आहात म्हणून थोडी जास्त काळजी घ्या, केबिनचं दार उघडं, ऑफिसात कुणीतरी बाई असतानाच भेटीची वेळ, कामाचे मेसेज दिवसाच. खाजगी गोष्टी सांगायला तिला जड जात असेल तर म्हणा, घरी जाऊन लिहून आणा, मी वाचेन, आणि ते एकदाच विचारा, परत परत सांगायला लावू नका.

एक मात्र न चुकता करा. अशील एकटं येत नाही, सोबत आई, भाऊ, मामा असतात आणि बोलतात तेच. त्यांना अर्धा तास बोलू द्या, त्यांचं दुःखही खरं असतं, मग नम्रपणे म्हणा की आता मला दहा मिनिटं यांच्याशी बोलायचंय, तुम्ही बाहेर बसा. माझ्याकडे एकीचा भाऊ तासभर घटस्फोट, पोटगी, त्याला आत टाका, असं बोलत होता. तो बाहेर गेल्यावर ती म्हणाली, मॅडम, माझी दहावी-बारावीची सर्टिफिकेट्स तिकडे राहिलीत, ती नसल्याने मला नोकरीला कुठे अर्ज करता येत नाही, आधी ती मिळतील का. डीव्हीच्या कलम १९ मध्ये तिची स्वतःची कागदपत्रं, वस्तू परत द्यायचा आदेश मागता येतो. आम्ही पहिल्या अर्जात तेवढंच मागितलं. तिसऱ्या तारखेला सामनेवाल्याच्या वकिलांनी कोर्टातच एक प्लास्टिकची फाइल तिच्या हातात दिली, तिने तिथेच उघडून एकेक कागद मोजला, आणि पुढचं काय करायचं हे तिने मला दोन महिन्यांनी, नोकरी लागल्यावर, एकटीने येऊन सांगितलं.